शामकांतची टेक्सासची फाईल

शामकांत मयेकरला आमच्या ब्लॉकमधली पोरं 'फाईल-अंकल' म्हणायची. हे नाव माझ्या तन्वीनंच पाडलेलं. बेल वाजली की टीव्हीवरची नजर न काढता ती सांगायची, "मम्मी, फाईल-अंकल केम अगेन लाह." दार उघडावं तर हा उभा. सिंगापूरच्या सेम्बावांग शिपयार्डातून सुटून, अंघोळ करून, केसांवर पाणी फिरवून आलेला, आणि काखेत ती निळी फाईल. मी कपाळाला हात लावायचे आणि टाइपरायटरवरचं कापड काढायला जायचे.

मी काही गोड बोलणारी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या तोंडाला हाड नाही असं माझी सासू म्हणायची आणि ती काही फार चुकीचं बोलत नव्हती. नवरा, प्रकाश, जहाजावर चीफ इंजिनिअर. सहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. मी मुंबईत आठ वर्षं आणि इथं सहा वर्षं शिपिंग एजंटाच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून काढलेली. तन्वी झाल्यावर नोकरी सोडली, पण ऑफिसनं मोडीत काढलेला टाइपरायटर घरी आणला. त्यावर शामकांतचा डोळा. यार्डात तो फोरमन होता, पाइप आणि व्हॉल्वपुरतं इंग्रजी त्याला फर्डं यायचं, पण अमेरिकेतल्या सरकारी कचेरीला पत्र लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा. "वहिनी, एकच पत्र," असं म्हणून तो पहिल्यांदा आला. त्या एका पत्राची पुढं पाच वर्षं झाली.

त्याची गोष्ट अशी. जन्म सेहेचाळीस सालचा, रत्नागिरीजवळ जयगडचा. तो आठ महिन्यांचा असताना त्याचे वडील रावजी, खलाशी माणूस, आगबोटीवर गेले ते परत आलेच नाहीत. सत्तेचाळीसच्या मार्चमधलं एक कार्ड तेवढं आलं, टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरातून, बोटीवरच्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. खुशाल आहोत, गणपतीला येतो. त्यानंतर गणपती पन्नास वेळा आले आणि गेले. गावानं लगेच ठरवून टाकलं की रावजीला तिकडे मडम भेटली. शामकांतची आई रत्नाबाई तेव्हा विशीची. घरात दीर होता, थोरला, भागोजी. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. तोही आधी बोटीवरच जायचा, पण भाऊ गेल्यावर त्यानं समुद्राकडे पाठ फिरवली ती कायमची. चार गुंठे भात, दुसऱ्यांची जाळी शिवणं, यावर त्यानं ह्या दोघांना जगवलं. का जात नाहीस बोटीवर, असं कुणी विचारलं की तो उठून निघून जायचा.

शामकांत सोळाव्या वर्षी मुंबईच्या गोदीत उमेदवारीला लागला. पुढं दोन ठिकाणी लग्नाचं जमत आलं आणि दोन्ही वेळा एकाच प्रश्नावर फिसकटलं. मुलाचे वडील काय करतात? गेले म्हणावं तर आईच्या कपाळावर कुंकू. आहेत म्हणावं तर कुठं आहेत. दुसऱ्या वेळी मुलीचा मामा बैठकीतून उठताना म्हणाला, बाप टाकून गेला असेल तर तसं सांगा की सरळ. त्यानंतर शामकांतनं लग्नाचं नाव काढलं नाही. अठ्ठ्याहत्तरला तो सिंगापूरला आला आणि काका वारल्यावर आईला इथं यिशुनला आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन आला.

ह्या रत्नाबाई. बुटक्या, काटक, पंचाहत्तर पैशाएवढं कुंकू, असं मी गमतीनं म्हणायचे, कारण चार आण्याचं नाणं त्यापुढं लहान वाटलं असतं. गळ्यात काळी पोत. संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की त्या यायच्या, पुढं बसायच्या, वाण घ्यायच्या. क्वीन्सटाउनहून येणाऱ्या एक-दोघी बायका डोळ्यांनी एकमेकींना खुणा करायच्या. मी बघायचे आणि मला मस्तकात जायचं, पण खरं सांगायचं तर प्रश्न मलाही पडायचा. ही बाई कोण? सवाष्ण, विधवा, की टाकलेली?

आणि हाच प्रश्न शामकांतच्या छातीवर दगड होऊन बसला होता. त्याला एकच गोष्ट हवी होती. आई जिवंत आहे तोवर बाप मेल्याचा पुरावा. ऐकायला वाईट वाटतं, पण त्याचं सरळ होतं. बाप तेव्हाच मेला असेल तर आई टाकलेली नाही. मग गाव खोटं, मुलीचा मामा खोटा, सगळे खोटे. मेलेल्या माणसावर राग धरता येत नाही, वहिनी, असं तो एकदा चहाचा कप हातात धरून म्हणाला होता, आणि मला उगाच रडू आलं होतं.

एक्क्याण्णव साली यार्डात एक अमेरिकन बोट दुरुस्तीला लागली. तिच्यावरच्या सेकंड इंजिनिअरला आपल्या घराण्याची मुळं खणायचं वेड. तो टेक्सासचाच निघाला. शामकांतनं धीर करून त्याला बापाची गोष्ट सांगितली, तर त्यानं जाताना एक पुस्तिका दिली. टेक्सास राज्याच्या इतिहासातल्या, घराण्याचा शोध घेणाऱ्यांना उपयोगी पडतील अशा घटना, साल लावून. आपल्याकडे सनावळी पाठ करतात राजांच्या. ही सनावळी कागदांची. अमुक साली हे राज्य अमेरिकेत आलं, तेव्हा त्याआधीचे कागद दुसरीकडे शोधा. अमुक जिल्ह्याची कचेरी जळाली, तिथले दस्त मिळायचे नाहीत. एकोणीसशे साली गॅल्व्हेस्टनला वादळानं गिळलं, हजारो माणसं गेली, नोंद थोड्यांची. एकोणीसशे तीनपासून जन्म-मृत्यूची नोंद राज्यभर सुरू. मृत्यूचा दाखला पंचवीस वर्षं झाल्यावर कुणालाही मिळतो. मला आधी हसू आलं. कागद कुठं जळाले याचीही यादी करून ठेवणारी माणसं ती. पण शामकांतचं बोट एका ओळीवर होतं. सत्तेचाळीस, सोळा एप्रिल. टेक्सास सिटीच्या धक्क्यावर खताची बोट पेटली, धुराचा रंग बघायला माणसं गोळा झाली आणि बोट फुटली. पाचशेच्या वर माणसं गेली. त्रेसष्ट प्रेतं ओळखूच आली नाहीत, ती नाव न घालता पुरली.

टेक्सास सिटी म्हणजे गॅल्व्हेस्टनच्या खाडीपलीकडे. वडिलांचं कार्ड मार्चमधलं. शामकांतचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. लॉटरी लागल्यासारखा.

मग पत्रं. मेलेल्यांची यादी मागवली, ती आली. रावजी मयेकर नाही. मुंबईच्या शिपिंग ऑफिसात एक ओळखीचा धरला. त्यानं कळवलं की रावजी सखाराम मयेकर पंचेचाळीसनंतर कुठल्याच बोटीवर चढल्याची नोंद नाही. शामकांत म्हणाला, फाळणीची धामधूम, कागद गहाळ झाले असतील. टेक्सासच्या तीन कचेऱ्यांना, दोन ग्रंथालयांना, एका चर्चला, सगळ्यांना मी लिहिलं. रावजी मयेकर, रावजी मयेकर. टाइपरायटरला ते नाव पाठ झालं असेल. सगळीकडून एकच उत्तर, क्षमस्व. शेवटी शामकांतनं मनाशी ठरवलं की बाबा त्या त्रेसष्टांमधले एक. तो पितृपक्षात आईला म्हणाला, ह्या वर्षी बाबांचं पान वाढू. रत्नाबाईंनी ताट भिंतीवर आपटलं. कागद दाखव, म्हणाल्या. कागद नसेल तर जितं माणूस जेवायला घालशील कावळ्यांना?

एवढी खमकी बाई. आणि पोरगा मात्र पन्नाशीला टेकलेला, टकलू, एकटा, शनिवारी रविवारी माझ्या डायनिंग टेबलवर फाईल पसरून बसलेला. प्रकाश म्हणायचा, त्याला सांग आता पुरे. पण मला ते जमायचं नाही. मी दुसरंच करून बसले.

शहाण्णवची वटपौर्णिमा. यिशुनच्या कालव्याकाठी वडाच्या जातीतलं एक झाड होतं, त्याला आम्ही चार बायका सूत गुंडाळायचो आणि दुसऱ्या दिवशी टाउन कौन्सिलचा माणूस ते कात्रीनं कापून टाकायचा. त्या वर्षी रत्नाबाईंना ताप होता. सत्तरीची बाई, अंगात एकशे दोन ताप, तरी उपास सोडायला तयार नाही आणि झाडाला सात फेऱ्या मारायचा हट्ट. पाचव्या फेरीला तोल गेला. मी आणि शामकांतनं धरून घरी आणलं, सोफ्यावर बसवलं. मी लिंबूपाणी पुढं केलं, तर त्यांनी तोंड फिरवलं. उपास मोडतो म्हणे. शामकांत कोपऱ्यात उभा, हात चोळत. माझं डोकं फिरलं.

"सात जन्म मागताय होय?" मी म्हणाले. "ह्या एका जन्मात ज्याचा पत्ता नाही त्याला? पोराचं आयुष्य गेलं त्याला शोधण्यात, ते दिसत नाही तुम्हाला?"

बोलले आणि जीभ चावली. पण शब्द काय परत घेता येतात. रत्नाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग अगदी सावकाश म्हणाल्या,

"चुकीच्या नावानं हाका मारल्यावर कोण ओ देईल गो?"

शामकांत कोपऱ्यातून पुढं आला. त्यानं विचारलं, कुठलं नाव चुकीचं? तेव्हा पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिनं सांगितलं, आणि तेही त्याच्याकडे न बघता, माझ्याकडे तोंड करून.

खलाशाच्या नोकऱ्यांची नोंद असलेलं जे पुस्तक असतं त्याला कोकणात नळी म्हणतात. पूर्वी ते पत्र्याच्या नळीत घालून नेत, म्हणून नळी. तिच्यावर शेरे असतात. रावजीचं आदल्या बोटीवर मालमाशी, म्हणजे बोटीवरच्या अधिकाऱ्याशी, भांडण झालं होतं आणि त्याच्या नळीवर वाईट शेरा पडला होता. असा शेरा पडला की कुठलीच बोट घेत नाही. थोरल्या भावाची नळी स्वच्छ, पण तो तेव्हा विषमज्वरानं अंथरुणाला खिळलेला. घरात खायला नाही, मूल आठ महिन्यांचं. तेव्हा भागोजीनं आपली नळी धाकट्याला दिली. दोघे भाऊ एका साच्यातले, फोटो कोण निरखून बघतो. रावजी मयेकर बोटीवर चढलाच नाही. चढला तो भागोजी सखाराम मयेकर.

रत्नाबाई थोरल्या दिराचं नावही घेईनात. "ह्याच्या काकाच्या नळीवर गेले ते," एवढंच.

बोटीच्या कंपनीचं पत्र त्या पावसाळ्यात आलं होतं. भागोजी मयेकर हा खलाशी गॅल्व्हेस्टनला उतरला तो बोटीवर परत आला नाही, पळाला असं धरून बोट निघाली. भागोजीनं ते रत्नागिरीच्या एका मास्तरांकडून वाचून घेतलं आणि चुलीत घातलं. कारण पळालेला भागोजी तर घरी बसून जाळी शिवत होता. कुणाला कळलं असतं तर खोट्या नळीपायी दोघे भाऊ तुरुंगात. म्हणून त्यानं कुलदेवतेपुढं नारळ ठेवून भावजयीकडून शपथ घेतली. आणि कागदावर पळालेला म्हणून तो स्वतः परत कधी बोटीवर जाऊ शकला नाही.

शामकांत खाली फरशीवर बसला. म्हणाला, काका जाऊन बारा वर्षं झाली, आई. शपथ कुणासाठी पाळत होतीस?

रत्नाबाईंनी डोळे पुसले नाहीत. म्हणाल्या, "खरं नाव सांगितलं असतं तर उत्तर आलं असतं."

मला तेव्हा सगळं लख्ख कळलं. पाच वर्षं मी रावजी मयेकर टाइप करत होते आणि ही बाई घरी बसून शामकांतकडून सगळं ऐकत होती, आणि दर वेळी नाही म्हणून उत्तर आलं की हिच्या जिवात जीव यायचा. पुरावा नाही म्हणजे नवरा आहे. आम्ही मूर्खासारखे पत्रं पाठवत होतो आणि ती मूर्खासारखी सुखात होती. मला तिचा संताप आला आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं. लिंबूपाणी तिनं मग घेतलं, एका दमात.

शामकांत मात्र आईवर एक शब्दानं चिडला नाही. दुसऱ्या दिवशी फाईल घेऊन हजर. आधी मेलेल्यांची यादी काढली, भागोजी नाव शोधलं. नव्हतं. तो म्हणाला, म्हणजे ओळख पटलेल्यांत नाहीत, त्रेसष्टांतच असणार, पण एकदा खात्री करू, सत्तेचाळीस सालच्या मृत्यूंच्या नोंदी बघायला सांगू. त्यानं सांगितलं ते मी टाइप केलं. भागोजी सखाराम मयेकर, खलाशी, मृत्यूची नोंद, एकोणीसशे सत्तेचाळीस. आणि सालापुढं माझ्या बोटांनी आपोआप 'ऑनवर्ड्स' मारलं. चौदा वर्षं एजंटाच्या ऑफिसात दर तारखेपुढं मी तेच मारत आले होते. अमुक तारखेपासून पुढे. शामकांतनं मागितलं होतं एक साल. मी मागितली सगळी सालं. सही करताना त्याच्याही लक्षात आलं नाही.

सप्टेंबरात उत्तर आलं. परतीचा पत्ता नेहमी माझाच असायचा, म्हणून पाकीट माझ्या हाती पडलं, आणि ते नेहमीसारखं पातळ नव्हतं. आत एका बाईचं पत्र. तिनं लिहिलं होतं की तुम्ही नशीबवान, ह्या दाखल्याला याच वर्षी पंचवीस वर्षं पूर्ण झाली, गेल्या वर्षी मागितला असतात तर मला तो तुम्हाला पाठवता आला नसता. मी ते वाक्य वाचलं आणि पुन्हा वाचलं. माझी जीभ एक वर्ष आधी सुटली असती तर.

दाखला मृत्यूचा. भागोजी एस. मयेकर. जन्म मुंबई इलाखा, हिंदुस्थान. वडिलांचं नाव सखाराम. गोदीत हमाल. राज्यातलं वास्तव्य, चोवीस वर्षं. मृत्यू अकरा मार्च एकोणीसशे एकाहत्तर, धर्मादाय इस्पितळात, फुफ्फुसाच्या विकारानं. माहिती देणारा, इस्पितळाचा कारकून. विवाहस्थिती, अविवाहित.

खरा भागोजी चौऱ्याऐंशी साली जयगडात वारला होता आणि त्याला अग्नी शामकांतनं स्वतः दिला होता. तेव्हा हा कोण, यात शंकेला जागाच नव्हती.

मी शामकांतला घरी बोलावलं नाही, खाली व्हॉइड डेकवर गेले. यार्डातून येणाऱ्या बसमधून तो उतरला, माझ्या हातातलं पाकीट बघून त्याचे डोळे चमकले. ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या त्या दगडी बाकावर बसून त्यानं वाचलं. एक चिनी म्हातारा शेजारी पिंजऱ्यातल्या पक्ष्याला खाणं घालत होता. शामकांतनं कागद घडी केला, उघडला, पुन्हा घडी केला.

"काकाचं लग्न झालं नव्हतं ना," तो म्हणाला. "काकाच्या नावावर राहायचं तर अविवाहितच सांगावं लागणार. तसंच असेल, वहिनी. नाही का?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तो म्हणाला, लिहिता आलं नसेल, पकडतील म्हणून भ्यायले असतील, परत यायला कागद नव्हते. मी प्रत्येकाला हो म्हणाले. मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि पन्नास वर्षांचा माणूस भर संध्याकाळी, शाळेची पोरं येत-जात असताना, हुंदके देऊन रडला. तो म्हणत होता की चोवीस वर्षांत एक कार्ड तरी. दुसऱ्याकडून लिहून घेऊन तरी. पहिलं नव्हतं का घेतलं?

मग आमचं ठरलं की आईला खोटं सांगायचं. आगीतच गेले, सत्तेचाळीसला, कागद आला. म्हणजे ती टाकलेली ठरत नाही, आणि एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. खोटं त्यानं बोलायचं आणि मी शेजारी बसून मान हलवायची. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी त्यांच्या फ्लॅटवर गेले. रत्नाबाई खिडकीशी शेंगा निवडत होत्या. शामकांतनं सांगितलं. आवाज बरा धरला होता त्यानं. बाबा त्या स्फोटात गेले, आई. लगेच गेले, त्रास झाला नाही.

रत्नाबाईंनी शेंगांची परात बाजूला केली. मला वाटलं, झालं, पार पडलं. मग त्यांनी हात पुढं केला. "कागद."

शामकांतनं दिला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला इंग्रजी कागद दिला तर काय बिघडतं, असंच त्यालाही वाटलं आणि मलाही. पण बारा वर्षं ती बाई यिशुनमध्ये काय वाचून राहिली होती? बसचे नंबर, लिफ्टचे मजले, ब्लॉकचे आकडे, बाजारातले भाव. अक्षर एक ओळखायची नाही, पण आकडा एकही चुकायची नाही. तिचं बोट ओळीवरून सरकत सरकत एका जागी थांबलं.

"हे एकाहत्तर नाय?"

शामकांत म्हणाला, ते कागद छापल्याचं साल आहे. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलायला आले होते. तोंडाला हाड नसलेली मी, आणि त्या वेळी माझ्या तोंडून एक शब्द निघेना. तिनं उत्तर माझ्या तोंडावरच वाचलं.

"मग चोवीस वर्षं होते की," ती म्हणाली. बोटांवर मोजून पाहिलं, बरोबर आलं. "मी कुठं गेले नव्हते गो. त्याच घरात होते. पत्ता तोच होता."

एवढंच. नाही रडली, नाही पडली. शेंगांची परात पुढं ओढली आणि निवडायला लागली. शामकांत तिच्या पायाशी बसला, तिनं त्याला जा म्हटलं नाही आणि जवळही घेतलं नाही. मी चपला हातात घेऊन बाहेर आले आणि लिफ्टची वाट न बघता नऊ मजले उतरले. सगळं माझ्यामुळं. सात जन्मांवरून टोचलं मी, ऑनवर्ड्स मारलं मी. त्या बाईची सगळी मिळकत म्हणजे न आलेलं उत्तर, आणि ते मी तिला आणून दिलं. तिनं जे मागितलं होतं तेच निघालं की. नवरा जिवंत होता.

पुढं पितृपक्ष आला. शामकांतनं भटजींना विचारलं, पण बापाच्या नावानं दाखला नाही, आणि काकाच्या नावानं पान तो दर वर्षी वाढतच होता. कुणाच्या नावानं पाणी सोडू, असं तो मला विचारायला आला. मला काय कळतंय त्यातलं. त्या वर्षी त्यानं काहीच केलं नाही.

ऑक्टोबरात एका दुपारी दाराची बेल वाजली. तन्वी शाळेत होती. बघते तर रत्नाबाई, एकट्या, धापा टाकत. कपाळावरचं कुंकू होतं, पण नेहमीसारखं नीट गोल नव्हतं, घाईत लावल्यासारखं, किंवा पुसून पुन्हा लावल्यासारखं. आत येऊन त्या डायनिंग टेबलपाशी, शामकांतच्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, ह्याला सांगू नको, एक पत्र लिही. त्या दाखला पाठवणाऱ्या बाईला. मी कागद चढवला.

"विचार तिला," त्या म्हणाल्या. "इस्पितळात जायच्या आधी त्यांना जेवायला कोण घालत होतं?"

मी टाइप केलं. इंग्रजीत ते काय वाचलं जाईल कुणास ठाऊक, पण शब्द न् शब्द तसाच ठेवला, आणि त्यांचं नाव खाली घालून अंगठा उमटवून घेतला. तिकिटं मीच लावली. दाखले देणाऱ्या कचेरीत ह्या प्रश्नाची फाईल नसणार, हे मला माहीत होतं. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. दर आठवड्याला त्या खाली उतरून माझ्या पत्रपेटीपाशी उभ्या राहायच्या आणि किल्ली मी फिरवायचे. सत्त्याण्णवच्या मेमध्ये त्या गेल्या, तोवर उत्तर आलं नव्हतं.